खिडकीपाशी लीन

आमच्या नगरपरिषदेत लीन आलं त्या दिवशी नगरपरिषद बंद होती.

दारावर कागद होता: ‘कार्यक्षमता वाढ प्रशिक्षणामुळे दोन दिवस नागरी सुविधा केंद्राचे कामकाज बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ कोणते दोन दिवस, ते लिहायचं राहिलं होतं. कागद खळीने चिकटवला होता आणि खळ उत्तम होती, त्यामुळे तो पुढे दोन महिने निघाला नाही. लांबच्या वस्त्यांवरून आलेली माणसं तो वाचायची, ‘दोनच दिवस आहेत’ म्हणून समाधानाने मान हलवायची आणि परत फिरायची. त्यांना हाक मारून आत घ्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, कारण मी तिथे बहुतेक रोज असे.

का असे, ते सांगतो. आई गेली. राहतं घर तिच्या नावावर. घरपट्टीच्या उताऱ्यावर तिच्या जागी माझं नाव लावायचं होतं. मी एकुलता एक. भावकीत वाद नाही, कोर्ट नाही, घरावर कर्ज नाही. सेवांच्या फलकावर या कामाची मुदत १५ दिवस लिहिलेली होती. फलक स्टीलचा आहे आणि आमच्या नगरपरिषदेत एवढी पुसून लख्ख ठेवलेली दुसरी वस्तू नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, तिथे भागलं नाही तर दुसरं अपील करता येतं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सोळाव्या दिवशी मी अपिलाबद्दल विचारलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “करा की काका. पण अपील केलंत की फाईल अपिलात जाणार. मग ती आमच्याकडे नसणार.” यात धमकी नव्हती. माहिती होती.

अर्जाला काय जोडायचं याची यादी खिडकी क्रमांक ५ वर मिळाली. पहिला, आईचा मृत्यूचा दाखला. तो खिडकी क्रमांक ३ ने दिलेला होता. ३ आणि ५ यांच्यामध्ये फक्त ४ आहे आणि ४ बंद असते. तरी ३ ला जे ठाऊक आहे ते ५ ला ठाऊक नव्हतं. ते कळवायला मी लागत होतो. दुसरा, थकबाकी नसल्याचा दाखला. तो खुद्द ५ नंबरच देते. म्हणजे ५ ने मला लेखी सांगायचं की तुमची बाकी नाही, आणि मग मी तोच कागद आत सरकवून ५ ला सांगायचं की माझी बाकी नाही. तिसरं, प्रतिज्ञापत्र, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ झालं आहे, हे मी बाईंना नम्रपणे सांगितलं. त्यांनी ते नाकारलं नाही. म्हणाल्या, “माफ आहे हो. पण स्टॅम्पवर बरं दिसतं.”

आता माझी बाजू तितकीशी स्वच्छ नाही, हेही सांगून टाकतो. मी भोसरीच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, ३१ वर्षं काढली. मोटारींचे ब्रॅकेट बनवायचो. कायझेन, फाइव्ह एस, कानबान, हे जपानी कारखान्यांतून आलेले शब्द मी माझ्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा जास्त वेळा उच्चारले आहेत. दर महिन्याला माणशी दोन सूचना द्याव्याच लागत. एका वर्षी मी सुचवलं की स्क्रॅपच्या ट्रॉलीची मूठ डावीकडे घ्यावी, म्हणजे कामगाराची पावलं वाचतील. पुढच्या वर्षी सुचवलं की ती उजवीकडे घ्यावी. दोन्ही सूचना मंजूर झाल्या. पहिलीबद्दल स्टीलचा डबा मिळाला, दुसरीबद्दल थर्मास. दोन्ही वस्तू अजून वापरात आहेत. तेव्हा नगरपरिषदेला हसण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त तक्रार करतो आहे.

प्रशिक्षणात काय झालं ते मला कर विभागातल्या एका लिपिकाने सांगितलं. पुण्याहून सल्लागार आले होते. त्यांनी पडद्यावर टोयोटाचा कारखाना दाखवला, तिथल्या उत्पादनपद्धतीचे जनक ताइची ओनो यांचा फोटो दाखवला आणि अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने आपल्या कर्मचाऱ्यांना हेच शिकवण्यासाठी ‘पीक अकॅडमी’ काढली आहे, असं सांगितलं. ती कृषी खात्याची बाब समजून आमच्या लिपिकाने टिपून घेतली नाही. मग सल्लागारांनी ‘मुदा’ सांगितला. ज्यातून गिऱ्हाइकाला काही मिळत नाही अशा कामाला जपानीत मुदा म्हणतात. त्याचे सात प्रकार ओनोंनी मोजले. विनाकारण थांबणं, विनाकारण फिरणं, साठा करून ठेवणं, असे. आमच्या कार्यालयाने याचं जे परिपत्रक काढलं, त्यात टंकलेखनात एक द वाढला. ‘सर्व विभागप्रमुखांनी आपापल्या विभागातील सात मुद्दे शोधून ते तात्काळ काढून टाकावेत व तसा अहवाल सादर करावा.’ सर्व विभागांनी सात-सात मुद्दे काढून मुद्देनिहाय अहवाल सादर केला. पाणीपुरवठ्याला सहाच सापडले, त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला.

‘लीन’ या शब्दाने मात्र कुणाचा घोटाळा झाला नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ सडपातळ, चरबी नसलेला. टोयोटाच्या पद्धतीला हे नाव १९८८ साली जॉन क्रॅफ्चिक नावाच्या एका अभियंत्याने एका लेखात दिलं. आपल्याकडे तो शब्द कितीतरी आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ देवाच्या पायाशी वाकलेला. आमच्या नगरपरिषदेत हा दुसरा अर्थ इमारत बांधतानाच अमलात आणला गेला. खिडकीच्या काचेला जे अर्धगोल भोक आहे ते माझ्या कमरेच्या थोडं वर येतं. आतल्या बाई खुर्चीत बसलेल्या असतात. त्यांच्याशी बोलायचं तर तोंड भोकापाशी न्यावं लागतं. म्हणून रांगेतला पहिला माणूस नेहमी नमस्काराला वाकल्यासारखा दिसतो. उतारवयातल्या बायका पदर सावरून वाकतात, तेव्हा तर आत मूर्ती असावी असंच वाटतं. सल्लागारांनी दोन दिवस कार्यालय पाहिलं, पण आतून.

प्रशिक्षणानंतर बदल दिसू लागले. फरशीवर पिवळ्या पट्ट्या आल्या. प्रत्येक टेबलाभोवती, कपाटाभोवती, कचऱ्याच्या डब्याभोवती पिवळी चौकट, म्हणजे वस्तू जागची हलली तर लगेच कळावं. एका चौकटीत एक निकामी प्रिंटर आहे. तो ती चौकट सोडून कुठेही जात नाही आणि त्या दृष्टीने कार्यालयातली सर्वांत शिस्तबद्ध वस्तू तोच आहे. भिंतीवर निळा फळा आला, त्यावर स्टेपलर, पंच, कात्री आणि शिक्का यांच्या आकृत्या रंगवल्या. वस्तू वापरून झाली की आपल्या आकृतीत टांगायची. आम्ही कारखान्यात पान्यांसाठी हेच करायचो. कुठला पाना गेला ते लांबून दिसतं. इथेही दिसतं. चारही गेले आहेत. माझा अर्ज बाईंनी टाचणीने टोचून घेतला आणि वर फळ्यावर स्टेपलरची सुबक आकृती होती.

बाहेर व्हरांड्यात मात्र पिवळी पट्टी नाही. तिथे गोल आहेत, पांढरे, २०२० सालचे. करोनात माणसांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून रंगवलेले. ते पुसले नाहीत आणि लोकही सवयीने त्यातच उभे राहतात. ओनोंची एक गोष्ट आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे: ते नव्या अभियंत्याला शॉपमध्ये खडूने काढलेल्या गोलात तासन् तास उभं करायचे. फक्त बघायचं. काय वाया जातंय ते आपोआप दिसायला लागतं. टोयोटात ही संधी निवडक अभियंत्यांना मिळे. आमच्या नगरपरिषदेत ती प्रत्येक नागरिकाला मिळते, वयाची अट नाही, दाखला लागत नाही. मी त्या गोलांत उभा राहून जे पाहिलं, ते टिपून ठेवायला लागलो. जित्याची खोड.

टिपणं अशी. माझा अर्ज आवकमध्ये पडला, त्याला क्रमांक मिळाला. तिथून तो टपालात मुख्याधिकाऱ्यांकडे गेला, त्यांनी तो कर विभागाला मार्क करावा म्हणून. अर्जावर ठळक अक्षरांत ‘कर विभाग’ लिहिलेलं होतं. साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला होते, मग जिल्ह्याला गेले, मग शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार होता तिकडे गेले. आठ दिवसांनी मार्क झाला. अधीक्षकांनी तो लिपिकाकडे दिला. लिपिकाने टिपणी ठेवली. कर निरीक्षक घर पाहून गेले. घर जागेवर होतं. टिपणी पुन्हा अधीक्षक, मग लेखापाल, मग पुन्हा साहेब. मधे अधीक्षकांच्या घरचं लग्न. एकूण ११ हातांतून कागद गेला. प्रत्येक हाताने त्यावर जे प्रत्यक्ष काम केलं ते मी अंदाजाने मोजलं: सगळं मिळून २३ मिनिटं. कागद आवकमध्ये पडल्यापासून नाव लागेपर्यंत ७४ दिवस. आमच्या धंद्यात या दोन आकड्यांच्या भागाकारावर माणसाची बढती ठरते. निरीक्षकांच्या ११ मिनिटांतली ९ त्यातून वजा केली पाहिजेत, कारण ती चहाची होती आणि चहा मी दिला होता.

हे सगळे आळशी होते असं मी म्हणणार नाही. लिपिकाच्या टेबलावर माझ्यासारखे शंभरेक कागद होते आणि तो मतदार याद्यांच्या कामावरही होता. कागद कुणी दडवून ठेवला नाही, कुणी काही मागितलं नाही. तो फक्त प्रत्येक टेबलावर आपली पाळी येईपर्यंत बसला. ओनोंच्या भाषेत याला साठा म्हणतात.

एकदा धीर करून मी अधीक्षकांना विचारलं की प्रशिक्षणात शिकवलं त्याप्रमाणे यातल्या दोन-तीन सह्या कमी नाही का करता येणार. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हे नमूद करतो. म्हणाले, “त्या पुण्याच्या साहेबांनी पाच वेळा ‘का’ विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं. लेखापालांची सही का? मागे एकदा बाकी असताना नाव लागलं म्हणून. तेव्हा कुणाच्या लक्षात का आलं नाही? रजिस्टर दुसऱ्या टेबलावर होतं म्हणून. मग सही का वाढवली, रजिस्टर का नाही हलवलं? लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि पूर्ततेत ‘सही वाढवली’ असं लिहून दिलं म्हणून. तो आक्षेप अजून का मिटला नाही? पूर्तता वर गेली आहे, उत्तर यायचंय.”

“आणि पाचवा?”

“पाचवा ‘का’ विचारण्याचा अधिकार जिल्हा कार्यालयाला आहे.”

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “सही ठेवली तर चूक सहा जणांत वाटली जाते. काढली, आणि उद्या स्थानिक निधी लेखापरीक्षेवाल्यांनी पान उघडलं, तर कुणाच्या काळात काढली ते पाहतील. मला तीन वर्षं राहिलीत काका.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोयोटाच्या मूळ पुरुषाने, साकिची तोयोदांनी, असा माग बनवला होता की धागा तुटला की माग आपण होऊन थांबायचा. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात कामगाराच्या हाताशी दोरी आली: काही चुकतंय असं दिसलं की ओढायची, लाईन थांबते, आणि ओढणाऱ्याला कुणी नोटीस देत नाही. आमच्या नगरपरिषदेत ओढता येण्याजोगी दोरी एकच आहे, खिडकीला पेन बांधलेली. पेन नाही, दोरी आहे.

हे सगळं जपानहून यायची गरज होती का, असं मला कधी कधी वाटतं. लीन हा शब्द या अर्थाने जन्माला यायच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत हेच काम मराठीत केलं होतं. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: हातातली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायची आणि नष्ट करायची. जुन्या दप्तराची छाननी करून वर्गवारी: ‘अ’ कायमचं, ‘ब’ ३० वर्षं, खाली ‘ड’ एका वर्षाचं. फाइव्ह एसमधले सुरुवातीचे दोन एस हेच सांगतात, नको ते काढा आणि हवं ते जागेवर ठेवा. लखिना पॅटर्न पुढे राज्यभर गेला. माझे मामा नगर जिल्ह्यातच एका तहसिलीत अव्वल कारकून होते. ते म्हणायचे, पाच गठ्ठे लोकांनी मनापासून लावले. सहाव्याला, नष्ट करायच्या गठ्ठ्याला, कुणी हात लावेना, कारण कागद नष्ट केला की तोच कागद मागणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. मामा वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांच्या मृत्यूचा दाखला ‘अ’मध्ये असावा.

त्यानंतर २०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ आणली. २०२५ च्या जानेवारीत शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम आला, त्यात स्वच्छता होती, प्रलंबित कामांचा निपटारा होता आणि अधिकाऱ्यांनी क्षेत्रभेटी द्याव्यात हेही होतं. यातली कुठलीही गोष्ट खोटी नव्हती. ती आणणारा माणूस खुर्चीत असेतो कपाटं रिकामी होतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग बदली होते. आपल्याकडे २००५ चा एक कायदा आहे, लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. एरवी कुठलीही फाईल एका सरकारी कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच्या पूर्ण नावात आधी बदल्यांचं विनियमन येतं आणि मग विलंबाला प्रतिबंध. दोन्ही विषय एकाच कायद्यात का घातले असतील, हे मला व्हरांड्यातल्या गोलात उभं राहून समजलं: आमच्याकडे लीन आणणारे मुख्याधिकारी प्रशिक्षण झालं त्याच महिन्यात बदलून गेले. नवे आले त्यांना आधीच्यांनी काय सुरू केलं होतं ते कळावं म्हणून एक फाईल ठेवण्यात आली आहे. ती टपालात आहे.

मी माझ्या परीने मदत करायचा प्रयत्न केला. घरी एका मोठ्या कागदावर माझ्या अर्जाचा सगळा प्रवास काढला. चौकोन, बाण, प्रत्येक बाणावर दिवस. आमच्याकडे याला व्हॅल्यू स्ट्रीम मॅप म्हणतात. खाली तीनच सुधारणा लिहिल्या: ३ नंबरची मृत्यूनोंद ५ ला तिथल्या तिथे दिसावी, अर्जावरच विभाग लिहिलेला असेल तर तो मार्क व्हायला साहेबांकडे जाऊ नये, खिडकीचं भोक हातभर वर घ्यावं. एकालाही पैसे लागत नाहीत, भोकाला थोडे लागतील. तो कागद नव्या साहेबांना द्यायला गेलो. शिपायाने सांगितलं, आवकमध्ये द्या. आवकमध्ये त्याला क्रमांक मिळाला. तो साहेबांकडे मार्क व्हायला गेला. विलंब दाखवणारा नकाशा आज ४१ दिवस बाहेर आहे आणि माझ्या अंदाजाप्रमाणे आता दुसऱ्या बाणावर असावा.

सूचनापेटीतही एक प्रत टाकली. ती पेटी नवी आहे, पिवळ्या चौकटीत आहे, तिची किल्ली बदली झालेल्या साहेबांच्या स्वीय सहायकाकडे होती.

माझं नाव मात्र लागलं. ७४ व्या दिवशी उतारा हातात आला. आडनावात एक काना जास्त आहे. दुरुस्तीचा अर्ज ५ नंबरलाच मिळतो. सोबत मूळ उतारा, आधारची प्रत आणि प्रतिज्ञापत्र. बाई म्हणाल्या, “या वेळी साध्या कागदावर केलं तरी चालेल.” सुधारणा झालीच नाही असं मी म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात काना काढायला गेलो तेव्हा व्हरांड्यात नवा फलक लागलेला होता. ‘कायझेन: आधी आणि नंतर’. नागरी सुविधा केंद्राचे दोन मोठे रंगीत फोटो, खाली तारखा. दोन्हींत अडीच महिन्यांचं अंतर. ‘आधी’मध्ये पट्ट्या नाहीत, ‘नंतर’मध्ये आहेत. फलक विभागीय स्पर्धेला पाठवणार आहेत, असं शिपाई म्हणाला. मी चष्मा लावून नीट पाहिलं. दोन्ही फोटोंत खिडकी क्रमांक ५ शी एक माणूस उभा आहे. तोंड दिसत नाही, कारण तो भोकापाशी वाकलेला आहे. पण पिशवी माझी आहे. ‘आधी’मध्ये शर्ट निळा आहे, ‘नंतर’मध्ये पांढरा.